मॉडरेटर व्हायला विचारलंय, होऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, फॅन्टसीच्या एका मोठ्या इंग्रजी फॅन कम्युनिटीत मी चार वर्षं आहे. सभासद दोन लाखांच्या वर. आता तिथल्या टीमनं मला मॉडरेटर व्हायला विचारलंय. पैसे अर्थातच नाहीत. काम नक्की काय असतं, आणि हो म्हणू का?"

हो म्हण. पण आधी हे सगळं वाच, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी डोंबिवलीची, पोटासाठी हिशेबनीस. २०१२ पासून अकरा वर्षं मी 'गेम ऑफ थ्रोन्स' ही टीव्ही मालिका आणि ती ज्यांच्यावरून निघाली त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या पुस्तकांच्या एका कम्युनिटीत मॉड, म्हणजे चर्चा नियमांत ठेवणारी मॉडरेटर, होते. मला घेतलं ते माझ्या ज्ञानासाठी नव्हे. टीम बहुतेक अमेरिकन, दोन-तीन युरोपातले. ते झोपले की मागं घर उघडं. मी त्या वेळी जागी असायचे, एवढीच माझी पात्रता. तुलाही त्यासाठीच विचारलं असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस, उलट पहिल्याच दिवशी सांग की मी अमुक ते अमुक वाजेपर्यंत आहे, त्यापुढे नाही. माझ्याकडून ते राहिलं, आणि पहिली दोन वर्षं जेवताना फोन ताटाशेजारी असायचा.

मॉडचं काम म्हणजे शिव्या देणाऱ्यांना हाकलणं, असं बाहेरून वाटतं. ते सगळ्यात सोपं काम. शिवी दिली, गेला, दहा सेकंदांत विषय संपला. बाहेरच्या गुंडांनी येऊन मोठी कम्युनिटी मोडलेली मी पाहिली नाही. आतल्या, जुन्या, हुशार, सगळ्यांना हव्याहव्याशा माणसांमुळे ती मोडायला आलेली मात्र दोनदा पाहिली. तुझा बराचसा वेळ त्यांच्यापायी जाणार आहे.

सुरुवात स्पॉइलरपासून, म्हणजे कथेत पुढे काय होतं ते आधीच फोडण्यापासून करते, कारण फॅन्टसीत तेच रोजचं दळण.

नवा भाग अमेरिकेत रविवारी रात्री लागायचा. न्यूयॉर्कला रविवार रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवार सकाळचे साडेसहा. माझी डबा करायची वेळ. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा, आणि ओट्यावर तांदळाच्या डब्याला टेकवलेला फोन. ३ जून २०१३ ची सकाळ मी विसरणार नाही. तिसऱ्या सीझनचा नववा भाग, ज्यात एक लग्न आहे. पाहिला असशील तर कळलंच, नसशील तर पुढचं सांगत नाही. काम सुटलं तरी सवय सुटलेली नाही. ज्या पुस्तकात तो प्रसंग आहे ते २००० साली आलं होतं. म्हणजे तेरा वर्षं वाचकांनी बऱ्यापैकी तोंड बंद ठेवलं होतं. काहींनी तर त्या रात्री नवऱ्याला, बायकोला, रूममेटला टीव्हीसमोर बसवून गुपचूप फोन लावून ठेवले, आणि त्यांचे चेहरे पुढचा आठवडाभर जगभर फिरले. फॅन मंडळींच्या एकीचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण आमच्याकडे त्याआधीचे दोन महिने डोकेदुखीचे गेले होते. उघड सांगणारे फार नव्हते. त्रास होता तो सूचक हसणाऱ्यांचा. एखादा नवा मुलगा लिहायचा, "मला अमुक पात्र फार आवडतं." खाली जुना वाचक: "अरेरे, पोरा." दुसरा: "नववा भाग येऊ दे, मग बोलू." तिसरा नुसताच डोळा मारणार. यातल्या कुणीही नियम मोडलेला नाही. कथेतलं एक अक्षर फोडलेलं नाही. आणि तरी त्या मुलाचा आनंद गेला तो गेलाच, कारण आता तो प्रत्येक भाग त्या पात्राच्या जिवाची धास्ती घेऊनच बघणार. आम्ही दोन आठवडे यावर आपसांत भांडलो. कुणी म्हणे, डोळा मारला म्हणून पोस्ट काढायची का? शेवटी नियम लिहिला: "पुढचं माहीत असलेल्या माणसाच्या सुरात बोलू नका." कायद्याच्या भाषेत बसणारं वाक्य नव्हे, पण लोकांना बरोबर कळलं. मजकुरावर काळी पट्टी ओढायच्या सोयीनं जे झालं नाही ते या एका ओळीनं झालं.

शीर्षकाचं तसंच. आतला मजकूर झाकता येतो, शीर्षक झाकता येत नाही, ते बसमध्ये बसलेल्या माणसाच्या स्क्रीनवर आपोआप येतं. "अमक्याचा मृत्यू मला पटला नाही" असं शीर्षक आलं की पोस्ट कितीही सुंदर असो, काढायची आणि लेखकाला सांगायचं की "सीझन ३, भाग ९ चा शेवट" असं करून पुन्हा टाक. सोबतच्या छोट्या चित्राकडेही बघत जा. तिथून बरंच गळतं.

यात आमची एक मोठी चूक झाली, ती तू करू नकोस. आम्ही सभासदांची विभागणी केली होती वाचक आणि प्रेक्षक अशी. वाचकांना सगळं माहीत, प्रेक्षकांना जपायचं. २०१६ पर्यंत ते चाललं. पाचवं पुस्तक जुलै २०११ चं. सहावं अजून पूर्ण झालेलं नाही, असं मार्टिन यांनी २०१६ च्या जानेवारीत स्वतःच जाहीर केलं, आणि एप्रिलमध्ये सहावा सीझन सुरू झाल्यावर मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. त्या सीझनच्या पाचव्या भागात एका पात्राच्या नावाचा उलगडा होतो. वीस-वीस वर्षं पुस्तकांची वाट बघणाऱ्यांना तो पडद्यावरून, किंवा त्याहून वाईट म्हणजे एखाद्या विनोदी चित्रातून कळला. आता संरक्षण मागत होते वाचक, आणि डोळा मारत होते प्रेक्षक. काहींनी जुने हिशेब अगदी व्याजासकट चुकते केले. आमचे नियम एका बाजूलाच झुकलेले होते, त्यामुळे आम्ही तोंडघशी पडलो. नंतर आम्ही लेबलं बदलली. माणूस कोण ते बघायचं नाही, चर्चा कुठपर्यंतची आहे ते लिहायचं: "सर्व पुस्तकं", "सीझन ५ पर्यंत", "प्रसारित झालेलं सगळं". तुमच्याकडे अजून वाचक-प्रेक्षक अशी वाटणी असेल तर टीममध्ये गेल्यावर पहिला विषय हाच काढ.

गळतीबद्दल चार ओळी. एप्रिल २०१५ मध्ये पाचव्या सीझनचे पहिले चार भाग प्रसारणाच्या आदल्या दिवशीच नेटवर आले. ऑगस्ट २०१७ मध्ये सातव्या सीझनचा चौथा भाग दोन-तीन दिवस आधी फुटला, आणि तो फुटला होता चक्क आपल्या मुंबईतून. चार जणांना अटक झाली. टीममधल्या एका अमेरिकन गृहस्थांनी मला विचारलं, "तुमच्याच गावचे ना?" मी लिहिलं, डोंबिवली वेगळी. नियम सोपा ठेवला होता: चोरीचा माल, त्याची लिंक, त्याचं वर्णन, "मी पाहिलाय" ही फुशारकी, यातलं काहीच नको. चर्चेसाठी वेगळी खोली उघडा असा आग्रह होतो. उघडू नका. खोलीतलं बोलणं खोलीत राहत नाही.

आता यंत्रांबद्दल. शब्द पकडून पोस्ट अडवणारा बॉट तुमच्याकडेही असेल. तो उपयोगी आहे, पण बिनडोक आहे. मी नवी असताना इंग्रजी शिव्यांची तयार यादी कुठूनतरी उचलून त्यात घातली आणि समाधानानं झोपले. सकाळी रांगेत, म्हणजे मॉडनं तपासायच्या पोस्टच्या यादीत, शेकडो पोस्ट अडकलेल्या. त्या जगात 'बास्टर्ड' ही नुसती शिवी नाही, ती माणसाची कायदेशीर ओळख आहे. अनौरस मुलांना प्रांताप्रमाणे आडनाव मिळतं, उत्तरेत स्नो, डॉर्नमध्ये सँड, व्हेलमध्ये स्टोन. मालिकेच्या नायकाबद्दल तो शब्द न वापरता दोन वाक्यं लिहून दाखव! "जाळून टाका सगळ्यांना" हेही आमच्याकडे धमकीपेक्षा अवतरण असण्याची शक्यता जास्त. म्हणून बॉटला काढायला लावू नकोस, फक्त बाजूला ठेवायला लाव. निर्णय माणसानं घ्यावा.

मघाशी म्हणाले त्या आतल्या माणसांकडे येते. एकाबद्दल सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. पहिल्यापासूनचा सभासद. घराण्यांची चिन्हं, वंशावळी, कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर काय, सगळं तोंडपाठ. त्याचे लेख मी आजही उघडून वाचते. पण नवं कुणी काही कल्पना मांडली की याचं ठरलेलं उत्तर: "हे आम्ही २००५ मध्येच निकालात काढलंय. शोधायचे कष्ट घ्या." शिवी नाही, अपशब्द नाही. त्याच्याविरुद्धचे रिपोर्ट, म्हणजे सभासदांच्या तक्रारी, मी स्वतः कितीदा "नियमभंग नाही" म्हणून बंद केले असतील. मग एका मुलीनं, शाळेतली असावी, कथेत पुढे काय होईल यावर दोन पानांची थिअरी लिहिली. भाबडी होती, पण मेहनत घेतलेली. त्यानं तिची ओळन् ओळ सोलून काढली, आणि त्याच्या मागं पंचवीस जणांनी टाळ्या वाजवल्या. तिनं खातंच बंद केलं. त्या रात्री मी आणि टीममधली एक जर्मन बाई मागं जाऊन बघत बसलो. त्याच्याकडून पहिलंच उत्तर मिळालेल्या नव्या माणसांपैकी दुसऱ्यांदा लिहायला कितीजण आले? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इतकी वर्षं त्याच्या नावावर जमा काय तेच आम्ही मांडत होतो. वजा बाजूचं पान कधी उलटलंच नव्हतं, आणि मी म्हणे हिशेबनीस!

मी त्याला खासगीत लिहिलं. आदरानं, पण आडपडदा न ठेवता: तुमचे लेख हवे आहेत, नवख्यांना तुमची उत्तरं नकोत, एक महिना फक्त स्वतःचे लेख टाका. तो भडकला. आमचा पत्रव्यवहार त्यानं उघड्यावर मांडला आणि तीसेक लोकांना घेऊन बाहेर पडला. पुढचे दोन महिने "हुकूमशाही" हा शब्द मी इतक्यांदा वाचला की आत्ता निवडणुकीच्या भाषणात ऐकला तरी हसू येतं. तो परत आला नाही. कम्युनिटी नंतर वाढली, मोकळी झाली, हे खरं. चिन्हांवर तसं लिहिणारं पुन्हा कुणी मिळालं नाही, हेही खरं. मी चुकले की बरोबर, यावर टीममध्ये अजून दोन मतं आहेत. माझी चूक झाली ती उशिराची. पहिल्या वर्षीच कुणी प्रेमानं बोललं असतं तर कदाचित तो ऐकता.

म्हणून लिहायची रीत शिकून घे. पोस्ट काढली की नुसतं "नियम ४ चा भंग" असं पाठवलंस तर समोरच्याला पोलिसाची शिट्टी ऐकू येते. मी असं लिहायचे: "तुमची पोस्ट काढली आहे. शीर्षकात पात्राचं नाव आणि त्याचं पुढे काय होतं ते आलंय. मजकूर उत्तम आहे. शीर्षक बदलून टाकलीत तर लगेच लावते." चार वाक्यं, साचा करून ठेवला तर वीस सेकंद. दहातले सात जण "सॉरी" म्हणून पोस्ट पुन्हा टाकतात. उरलेल्या तिघांशी वाद घालायचा नाही, त्यांचं अपील दुसऱ्या मॉडकडे द्यायचं. ज्या भांडणात तू स्वतः मत मांडलंयस तिथं तर मॉडचं बटण दाबूच नकोस, कितीही बरोबर असलीस तरी. कायमचा बॅन दोघांच्या सहमतीशिवाय नाही. आणि प्रत्येक कारवाईची नोंद ठेव: तारीख, नियम, दुवा, एक ओळ कारण. सहा महिन्यांनी तो माणूस "मला विनाकारण काढलं" म्हणत येतो तेव्हा कुणालाच काही आठवत नसतं.

लोक खरोखर चिडतात तेव्हा काय? मे २०१९. आठवा, म्हणजे शेवटचा सीझन. तो नव्यानं बनवा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या, यावरून अंदाज घे. आम्ही सगळ्या तक्रारी एकाच मोठ्या थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच चर्चेखाली ढकलल्या, रांग सुटसुटीत व्हावी म्हणून. लोकांना वाटलं आम्ही चॅनेलला सामील आहोत, आवाज दाबतोय. तिसऱ्या दिवशी आम्ही माघार घेतली. नाराजीला जागा द्यावीच लागते, फक्त ती कुणाकडे वळते यावर नजर ठेवायची. पटकथा फसली म्हण, दिग्दर्शन गचाळ म्हण, नटाच्या इन्स्टाग्रामवर जाऊन त्याला छळू नको. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनच्या विश्वावरच्या नव्या मालिकेच्या वेळी हे फार कुरूप झालं. कृष्णवर्णीय कलाकारांना इतका त्रास झाला की सगळ्या नटमंडळींना मिळून जाहीर निवेदन काढावं लागलं. तिकडच्या मॉड मंडळींशी मी तेव्हा बोलत असे. "टॉल्किननं एल्फ (त्याच्या कथांतली एक अमर जमात) असे लिहिलेच नाहीत" हा युक्तिवाद साहित्यप्रेमाचा की दुसऱ्याच कशाचा, हे एका पोस्टवरून ठरत नाही. त्याच माणसाच्या मागच्या वीस पोस्ट बघितल्या की बहुतेक वेळा ठरतं. ढालींच्या, जहाजांच्या, भाषेच्या चुकांवर तो कधीच लिहीत नसेल आणि फक्त रंगावरच लिहीत असेल, तर उत्तर मिळालं.

लहान मुलांबद्दल मात्र कडक राहा, इथं दोन बाजू ऐकायच्या नाहीत. बहुतेक ठिकाणी वयाची अट तेरा असते. तेरा म्हणजे आठवीतलं पोर. प्रौढांसाठीच्या फॅनफिकच्या, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या खोलीत ते शिरतंच. कुणी मोठा माणूस अशा मुलांना "खासगीत बोलू" म्हणतोय असं दिसलं तर चर्चा नको, आधी खातं गोठवायचं, मग प्लॅटफॉर्मला कळवायचं. तूसुद्धा अल्पवयीन सभासदाशी एकटीनं खासगीत बोलू नकोस, दुसरा मॉड संभाषणात ठेव.

आणि कधीतरी रात्री दोन वाजता रांगेत अशी पोस्ट येईल जिच्यात ड्रॅगन नाहीत, कुणीतरी जगायचा कंटाळा आलाय असं लिहिलेलं असेल. अकरा वर्षांत माझ्या वाट्याला अशा बऱ्याच आल्या. समुपदेशक व्हायला जाऊ नकोस. माणुसकीचे दोन शब्द, त्याच्या देशातल्या मदतीचा नंबर (भारतात टेलि-मानसचा १४४१६, चोवीस तास आणि फुकट), प्लॅटफॉर्मच्या सुरक्षा विभागाला सूचना, आणि टीममध्ये सांगणं. मग स्वतः कुणाशी तरी बोलणं. पहिल्या वेळी मी ते केलं नाही आणि आठवडाभर झोप उडाली होती.

तुझ्या स्वतःच्या सुरक्षेचं म्हणशील तर वेगळा ईमेल, इन्स्टाग्रामशी न जुळणारं टोपणनाव, घराच्या खिडकीतला फोटो कधीही नाही. आमच्यातल्या एकीच्या ऑफिसचा पत्ता कुणीतरी शोधून काढला होता, एका बॅनच्या रागातून. बाई असल्याचं कळलं की भाषाही बदलते, हे तुला वेगळं सांगायला नको. धमकी आली की स्क्रीनशॉट, तारीख-वेळ, आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. उत्तर द्यायचं नाही.

आणखी एक. जिथं तू झाडू मारणार आहेस ती जागा तुमची नाही. २००७ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटनं एका झटक्यात शेकडो खाती बंद केली, त्यांत फॅन मंडळींचीही होती. त्या धसक्याचाही हात होता म्हणून काही जणींनी त्याच वर्षी स्वतःची संस्था काढली, आणि २००९ पासून 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे फॅनफिकचं भांडार स्वयंसेवकांच्या जिवावर उभं राहिलं. २०१९ मध्ये त्याला फॅन्टसी-विज्ञानकथांतला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये रेडिट या चर्चांच्या साइटनं बाहेरच्या ॲप्सना आपला डेटा वापरायला दर लावायचं जाहीर केलं तेव्हा मॉड वापरत असलेली बाहेरची साधनं धोक्यात आली, हजारो समूहांनी दारं बंद ठेवली, तरी कंपनी बधली नाही. स्वतःची जागा असलेलेही आहेत. मार्टिनच्या पुस्तकांवरची वेस्टरोस ही साइट एलिओ गार्सिया आणि लिंडा अँटनसन हे दोघं स्वीडनमध्ये बसून चालवतात. तपशिलात त्यांचा हात इतका धरता येत नाही की २०१४ मध्ये खुद्द मार्टिन यांनी त्यांना सोबत घेऊन त्या जगाच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ काढला. पण तशी साइट चालवणं म्हणजे आयुष्यच वाहून घेणं. तुमच्यासारख्यांनी निदान नियम, नोंदी आणि चांगल्या लेखांची प्रत बाहेर कुठंतरी ठेवावी. आम्ही ठेवली नव्हती.

फॅनआर्टला, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या चित्रांना, चित्रकाराचं नाव हवंच. यंत्रानं काढलेल्या चित्रांचं काय करायचं, हे तुमच्या टीमनं आधीच ठरवलं नसेल तर तुझ्या पहिल्याच महिन्यात ते भांडण निघेल. मी काम सोडता सोडता आमच्याकडे सुरू झालं होतं, अजून मिटलेलं नाही.

तर हो म्हण. पण त्याआधी टीमला विचार की मागच्या वर्षी किती मॉड सोडून गेले आणि का. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर नाही म्हण. आत गेलीस की पहिला महिना बटण दाबू नकोस, फक्त रांग वाच, आणि प्रत्येक रिपोर्टवर तू काय केलं असतंस ते वहीत लिहून नंतर जुन्या मॉडनं काय केलं त्याच्याशी ताडून बघ.

आणि नवा भाग आला की आधी तो बघ, मग रांग उघड. मॉडची गत पंगतीतल्या वाढप्यासारखी, सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत याचं जेवण गार. लोकांना स्पॉइलर लागू नयेत म्हणून मी त्या मालिकेतले जवळजवळ सगळे मोठे धक्के तव्यावरची पोळी उलटता उलटता रिपोर्टच्या रांगेत वाचले. शेवटचा भाग तेवढा मी रजा टाकून, फोन बंद करून पाहिला, आणि नेमका तोच आवडला नाही.